गुलाबी खडी

९ मार्च १९९१, शनिवार

प्रदर्शनाला बरोबर चार आठवडे उरले. आमच्या उद्यान मंडळाच्या अध्यक्षा ऑड्री पिकथॉल यांनी छापण्यापूर्वीची नियमपत्रिका माझ्याकडे तपासण्यासाठी पाठवली होती. तीत अकरा चुका सापडल्या. त्यांपैकी तीन गेल्या वर्षीच्याच होत्या आणि गेल्या वर्षी मी त्या दुरुस्तही केल्या होत्या. बत्तीस वर्षे टपाल कचेरी सांभाळलेल्या बाईला अल्पविराम कोठे द्यावा हे कळू नये, याचे आता आश्चर्य वाटत नाही. खेद मात्र वाटतो.

उरलेली सकाळ काचघरात गेली. उशी, म्हणजे माझी डायोनिशिया, उत्तम स्थितीत आहे. इराणच्या कोरड्या कड्यांच्या कपारींत वाढणारी ही वनस्पती आमच्या उत्तर इंग्लंडातल्या वेस्टमरलंडच्या पावसात एकोणीस वर्षे जगली, यातच तिच्या पालकाची परीक्षा आली. हिची पाने इतकी बारीक आणि दाट असतात की सगळे झाड शिवलेल्या उशीसारखे गोल दिसते आणि फुलले की पान दिसेनासे होऊन नुसता पिवळा घुमट उरतो. दर रविवारी कुंडी पाव फेरा फिरवायची, म्हणजे प्रकाश सर्व बाजूंनी सारखा मिळतो. पाणी कुंडीत कधीही घालायचे नाही. कुंडी ज्या वाळूत रोवलेली असते त्या वाळूला घालायचे. वरून पडलेला एक थेंब उशीच्या आत शिरला की ती आतून कुजते, आणि बाहेरून कळते तेव्हा सर्व संपलेले असते.

गेल्या वर्षीचे पदक आज पुसून ठेवले. दीड वर्षापूर्वी न्युमोनियाने मी आठ आठवडे रुग्णालयात होतो व त्यानंतर आणखी सहा आठवडे डॉक्टरांनी मला काचघरात पाऊल टाकू दिले नाही. त्या काळातही उशी अंगठाभर वाढली. चांगल्या शिस्तीत वाढलेले झाड मालकाच्या गैरहजेरीतही शिस्त सोडत नाही. पदक स्वीकारताना मी हे बोललो होतो. टाळ्या बराच वेळ चालल्या. काही मंडळी हॉलच्या मागच्या बाजूला तोंड करून टाळ्या वाजवीत होती. तेवढ्यात चहा आला असावा.

कथबर्ट रेनची उशी त्याच हिवाळ्यात मेली. ती माझ्याच उशीची फांदी होती. बारा वर्षांपूर्वी त्याला दिलेली. जानेवारीच्या बैठकीत त्याने स्वतःच सांगितले, “पाणी जास्त झालं.” एवढेच. खाणीत दगड फोडण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याच्याकडून नाजूकपणाची अपेक्षा मी करीत नव्हतो, तरीही वाईट वाटले. मागील शरदात त्याचे नाव परीक्षकांच्या यादीतून वगळावे असा ठराव मी मांडला. ज्याला स्वतःची उशी वाचवता आली नाही त्याने दुसऱ्यांच्या उशांना गुण देऊ नयेत, हे तर्काला धरूनच आहे. ठराव पाच विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला. कथबर्टने स्वतः ठरावाच्या बाजूने मत दिले. तो माणूस प्रामाणिक आहे.

१३ मार्च, बुधवार

बुधवार असल्यामुळे कथबर्ट आला. चाळीस वर्षे तो दर बुधवारी येतो. हल्ली गुडघे दुखतात म्हणून काठी घेऊन येतो. पण घरात येण्याआधी काचघरात जातो.

“काय म्हणते?” त्याने विचारले. मला नव्हे.

“कळ्या आल्या आहेत,” मी म्हणालो. “तुझ्यासारख्याने हात लावला नाही तर फुलेल.”

“हात कुठं लावतोय? बघतोय.” तो वाकून बराच वेळ बघत राहिला. “पूर्वेकडं कलतीये जरा. फिरवतोस ना?”

“दर रविवारी पाव फेरा. तू फिरवत होतास का कधी?”

“मी? छे. माझं सगळं देवाच्या भरवशावर.”

“आणि देवाने ती पाण्यात बुडवली.”

“हं,” तो म्हणाला. “देव तो. त्याला काय बोलणार.”

एवढ्यात माझी मुलगी हेस्टर चहा घेऊन दारापर्यंत आली. दारापर्यंतच, काचघरात ती येत नाही. ती सात वर्षांची असताना तिने रोपांच्या तीस नामपट्ट्या काढून त्यांची होडी केली होती, तेव्हापासून तिला आत येण्यास मनाई आहे. ती आता सेहेचाळीस वर्षांची, गावच्या ग्रंथालयाची प्रमुख आहे. परंतु मनाई उठवावी असा प्रसंग आला नाही. ती दिसताच कथबर्ट बोलायचा थांबला. तिनेही कपबशा खाली ठेवल्या आणि त्याच्याकडे न पाहता गेली. पूर्वी या दोघांचे बरे जमत असे. हेस्टर मनात राग धरते. तिच्या आईत हा गुण नव्हता.

१९ मार्च, मंगळवार

पहिली नऊ फुले उमलली.

१९७२ च्या जानेवारीत माझ्या पत्नीने, विनीने, हे बी पेरले होते. अकरा बिया होत्या, उगवले एकच. पेरताना तिने हातमोजे काढले होते. बी बोटांना कळायला हवे, असे ती म्हणाली. हे शास्त्रीय नाही, असे मी म्हणालो होतो. ती जाऊन सात वर्षे झाली. ती ज्या झाडाशी बोलत असे ते झाड अजून आहे. त्याच्याशी मी बोलत नाही, पण रोज सकाळी त्याच्यापाशी उभा राहतो.

२८ मार्च, गुरुवार

हे लिहावेसे वाटत नाही. तरी क्रमाने लिहितो.

प्रदर्शनापूर्वी कुंडीवरची जुनी खडी काढून स्वच्छ खडी पसरतात. गेल्या वर्षी माझ्यात शक्ती नव्हती, म्हणून हे काम कथबर्टने माझ्यासाठी केले होते. या वर्षी मी स्वतः करायला बसलो. लाकडी चमच्याने उशीखालची करडी चुनखडीची खडी हळूहळू बाजूला करू लागलो. माझ्याकडे चुनखडीखेरीज दुसरी खडी कधीच नव्हती. १९५५ पासून मी ती एकाच ओढ्यातून आणतो आणि स्वतः धुतो.

बोटभर खाली करडी खडी संपली. तिच्याखाली गुलाबी होती.

गुलाबी ग्रॅनाइट या जिल्ह्यात एकाच खाणीत निघतो. त्या खाणीत कथबर्ट रेन एकतीस वर्षे कामाला होता. त्याच्या सर्व कुंड्यांत तळापासून वरपर्यंत हीच खडी असते. मी त्याला कितीदा सांगितले की हे डोळ्यांना खुपते, तेव्हा तो म्हणे, “फुकट मिळते अन् झाडाला चालते.”

मी सुई घालून आणखी खोल पाहिले. मुळांभोवती सर्वत्र गुलाबी. तेव्हा मी भिंग घेऊन उशीची बाजू पाहिली. माझ्या उशीच्या उत्तर बाजूला १९८१ च्या थंडीत पडलेली, करंगळीच्या नखाएवढी खळी होती. ती नाही. ती बुजलेली नाही. ती कधी नव्हतीच.

कुंडी माझी आहे. झाड माझे नाही.

२९ मार्च, शुक्रवार

गुड फ्रायडे. हेस्टर चॅपेलहून परत आल्यावर मी तिला बैठकीच्या खोलीत बसायला सांगितले आणि टेबलावर मूठभर गुलाबी खडी ठेवली. तिने खडीकडे पाहिले आणि डोक्यावरची टोपी काढली. मी प्रश्न विचारण्यापूर्वीच तिने उत्तर दिले.

“डिसेंबरच्या दहा तारखेला मेली, बाबा. म्हणजे मला तेव्हा कळलं. हात लावला तर मधून मऊ लागली.”

“कशामुळे?”

“पाण्यामुळे. मी वरून घातलं.”

“वरून.”

“तुम्हाला अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चढवत होते. तुम्ही म्हणालात, ‘उशीला आठवड्याने थोडं पाणी.’ मी थोडंच घातलं. झारीनं. आपण झाडांना घालतो तसं.”

“कोणालाही ठाऊक असते की—”

“कोणाला? मला कधी आत येऊ दिलंत तुम्ही? एकोणचाळीस वर्षं मी दारातून चहा देतीये.”

हे विषयांतर होते व तसे मी तिला सांगितले. विचारले, “मग?”

“मग कुंडी उचलून कथबर्टकाकांकडं नेली. कोटाखाली धरून, पावसातनं. त्यांच्या अंगणात उभी राहून रडले. त्यांनी कुंडी घेतली, मेलेली उशी काढली, आत जाऊन आपली आणली आणि तुमच्या कुंडीत बसवली. म्हणाले, ‘मास्तर मार्चपर्यंत वाकून बघायच्या लायकीचा होणार नाही. तोवर ही रुजेल.’ आणि मला घरात नेऊन भाजलेलं सफरचंद खायला घातलं.”

“तुम्ही दोघांनी मला सोळा महिने फसवले.”

“हो,” ती म्हणाली. तिने ते नाकारले असते तर मला अधिक बरे वाटले असते.

“मला सांगायला हवे होते.”

“तुम्ही तेव्हा नळीनं श्वास घेत होतात. आणि नंतर...” ती थांबली. “नंतर तुम्ही इतके खूश होता, बाबा. आईनं पेरलेलं झाड तुमच्याविना वाढलं म्हणून. मला जमलं नाही.”

तिचे रडणे सुरू होण्यापूर्वी मी खोलीतून बाहेर पडलो. आईच्या झाडाचा उल्लेख तिने करायला नको होता. ते झाड तिने मारले आणि दुसरे त्याच्या जागी ठेवून त्याला मला रोज सकाळी नमस्कार करायला लावले.

३० मार्च, शनिवार

कथबर्टकडे गेलो. तो अंगणात बटाट्याचे बियाणे अंड्यांच्या खोक्यांत मांडीत होता.

“शनिवारी कसा काय?” तो म्हणाला. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून, “खडी बदललीस होय.”

“मी मित्र समजत होतो तुला.”

“मीही. बस. तो स्टूल घे, हा मोडका आहे.”

मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितले: नियमावलीतील सातवा नियम, जो मी स्वतः लिहिला, असा आहे की स्पर्धेतील वनस्पती स्पर्धकाच्या संगोपनात किमान बारा महिने असली पाहिजे. गेल्या एप्रिलात तुझी उशी माझ्याकडे चारच महिने होती. म्हणजे माझे पदक खोटे आहे. म्हणजे तू मला, ज्याने आयुष्यात कधी परीक्षेतही कोणाला एक गुण अधिक दिला नाही त्याला, सर्वांसमोर लबाड केलेस.

“ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं,” तो म्हणाला. “तू ती प्रदर्शनात नेशील असं वाटलं नव्हतं. पाय लटपटत होते तुझे.”

“आणि ‘पाणी जास्त झालं’? सर्वांसमोर तू खोटे बोललास.”

“खोटं काय त्यात? पाणी जास्तच झालं होतं. कुणाच्या उशीला ते कुणी विचारलंच नाही.”

“मी तुला परीक्षकपदावरून काढले, कथबर्ट. तू गप्प तरी कसा बसलास?”

“अरे, गुडघे दुखतात माझे. टेबलाटेबलापाशी वाकून कोण बघणार? बरंच झालं.” त्याने एक बटाटा उचलून त्याचे कोंबाचे डोळे वरच्या बाजूला करून ठेवला. “तू मला एक सांग. ती पोरगी रडत होती अंगणात, हातात तुझी कुंडी. मी काय करायचं? सातवा नियम वाचून दाखवायचा?”

“मला सांगायचे.”

“सांगितलं असतं तर तिच्याशी बोलला असतास का पुन्हा?”

हा प्रश्न विषयाला सोडून होता. मी निघालो. मी फाटकापाशी पोहोचल्यावर तो म्हणाला, “आणि ती फांदी विनीनं आणून दिली होती मला, मोहरीच्या डब्यात घालून. तू नव्हतास दिली. तू म्हणाला होतास, मी मारून टाकेन.”

त्याची स्मृती चुकत असावी.

२ एप्रिल, मंगळवार

दोन दिवस खपून मंडळाला पत्र लिहिले. चार मसुदे झाले. पत्रात सर्व घटना तारखांसह दिल्या आहेत. कुमारी हेस्टर हॅसल यांचे कृत्य, श्री. रेन यांची साथ, माझे अज्ञान, आणि पदक परत करण्याची माझी इच्छा. पारितोषिक वितरणाच्या वेळी ते मी स्वतः वाचावे, अशी विनंती शेवटी केली आहे. अन्याय सर्वांसमोर झाला. निवारणही सर्वांसमोर व्हायला हवे.

पत्र देण्यासाठी ऑड्रीबाईंकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून ते उभ्या उभ्या वाचले. माझी अपेक्षा होती की त्यांना धक्का बसेल.

“छान लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “एक चूक नाही.”

“नसणारच. मंडळ काय करील?”

“मंडळ काय करणार, मास्तर? मंडळाला माहीत आहे.”

मला वाटले मी नीट ऐकले नाही. त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः कट्ट्याला टेकल्या.

“अहो, कथबर्टच्या काचघराला एकाच बाजूला काच, पूर्वेला. त्याची झाडं सगळी एका अंगाला कलतात. ती उशी आम्ही दहा वर्षं त्याच्याकडं बघतोय. तुम्ही गेल्या साली ती टेबलावर ठेवलीत, अन् मी बघितलं तर कथबर्टची उशी तुमच्या कुंडीत. मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं अशी मान हलवली. संपलं.”

“आणखी कोणाला ठाऊक होते?”

“सगळ्यांना. चहावाल्या बायकांना सोडून. नाही, त्यांनाही.”

“मग टाळ्या...”

“तो मागं उभा होता ना, दारापाशी. आम्ही त्याच्याकडं तोंड करून वाजवल्या. तुमच्याही होत्या थोड्या. आजारातून उठला होतात.”

घरी कसा आलो ते आठवत नाही. चाळीस वर्षे मी या गावाला लॅटिन आणि सरळ वागणे शिकवले. त्या हॉलमधल्या निम्म्या लोकांना मी छडीही मारली आहे. ते सर्व जण हसू दाबून माझे भाषण ऐकत होते: चांगल्या शिस्तीत वाढलेले झाड.

पत्र परत आणले आहे. शनिवारी वाचणार. आता तर वाचणारच.

४ एप्रिल, गुरुवार

घरात मीठ दे, दार लाव, एवढेच बोलणे होते. हेस्टर जेवण झाकून ठेवते आणि ग्रंथालयात लवकर जाते. कथबर्ट काल, बुधवारी, आला नाही. चाळीस वर्षांत हे दोनदाच घडले. पहिल्यांदा त्याच्या बायकोचे दफन होते.

उशी पूर्ण फुलली आहे. दोनशेपर्यंत मोजून थांबलो. इतकी सुंदर ती माझ्या हाताखाली कधीच फुलली नव्हती. हे वाक्य खोडणार होतो; परंतु ते खरे आहे.

६ एप्रिल, शनिवार

सकाळी आठ वाजता हेस्टरने गाडीतून मला आणि उशीला चॅपेलच्या हॉलवर सोडले. वाटेत एक शब्द नाही. कोटाच्या डाव्या खिशात पत्र होते, उजव्या खिशात गेल्या वर्षीचे पदक.

बाहेरगावचे तीन परीक्षक दहा वाजता आले. त्या वेळी आम्हा सर्वांना हॉलच्या बाहेर थांबावे लागते. मी भिंतीपाशी एकटा उभा राहिलो. लोक नमस्कार करून पुढे गेले. त्यांच्या नजरेतील आदबीत काय होते, ते मला आता कळत होते.

दुपारी दीड वाजता ऑड्रीबाईंनी घंटा वाजवली. प्रदर्शनातील सर्वोत्तम वनस्पती: डायोनिशिया, प्रदर्शक एडमंड हॅसल. हे अपेक्षितच होते. तसे फूल टेबलावर दुसरे नव्हते. ऐंशीएक माणसे होती. कथबर्ट गेल्या वर्षीसारखाच दारापाशी काठीवर भार देऊन उभा होता. मी व्यासपीठावर गेलो, पत्र काढले, उलगडले, चष्मा लावला.

हेस्टर चहाच्या टेबलामागे उभी होती. मोठी किटली तिने दोन्ही हातांनी धरली होती. ती ना कोणाला ओतत होती, ना खाली ठेवत होती. पत्रात काय आहे ते तिला ठाऊक होते. मी खरडलेला पहिला मसुदा तिने केराच्या टोपलीतून वाचला असणार. ती माझ्याकडे पाहत होती. तेवढ्या वयाची बाई, आणि तोंडावर भाव नेमका तोच, जो मी तिला नामपट्ट्यांची होडी घेऊन उभी असताना पाहिला होता: शिक्षा होणार, हे ठरलेले, फक्त कधी, ते पाहणे.

पहिले वाक्य मला तोंडपाठ होते. ते तोंडातून आले नाही.

पत्र घडी करून खिशात ठेवले आणि मी म्हणालो:

“ही वनस्पती माझी नाही. ही कथबर्ट रेन यांनी वाढवली. माझी १९८९ च्या हिवाळ्यात मेली आणि त्यांनी स्वतःची मला दिली. गेल्या वर्षीचे पदक मी सातव्या नियमाचा भंग करून घेतले. ते परत करतो. माझी उशी कोणाच्याही चुकीने मेली नाही. ती मीच मारली. नोव्हेंबरच्या वीस तारखेला मी तिच्यावर झारीने पाणी घातले. वरून.”

 पुढच्या रांगेत कोणीतरी शिंकणार होते, ते थांबले. मग मागून कथबर्टचा आवाज आला.

“बस खाली, एडमंड. चहा गार होतोय.”

लोक हसले, पण त्या हसण्याला धार नव्हती. माझे विधान सर्वांनी जसेच्या तसे स्वीकारले, कोणी शंका घेतली नाही. एवढ्या वर्षांच्या प्रतिष्ठेचा तेवढा उपयोग झाला म्हणायचा. ऑड्रीबाईंनी जुने पदक घेतले आणि नवीन माझ्या हातात ठेवले.

“हे मला घेता येणार नाही,” मी म्हणालो.

“का? सोळा महिने झाले तुमच्याकडं. सातवा नियम. तुमचाच आहे.” मग खाली वाकून, हळू आवाजात, “तर मग नोव्हेंबरच्या वीसला तुम्ही झारी घेऊन उभे होतात. वरून पाणी. तुम्ही.”

“होय.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “मी त्या दिवशी द्राक्षं घेऊन आले होते तुम्हाला बघायला, वॉर्ड नंबर चारमध्ये. कुणाला बघून आले देव जाणे.”

त्यांना तारखा कधीच लक्षात राहत नाहीत. मी वाद घातला नाही.

बाहेर पडताना कथबर्ट कुंडीपाशी उभा होता. मी म्हणालो, “घेऊन जा. तुझी आहे.”

“काचघर मोडलं मी शरदात. ठेवू कुठं, पलंगाखाली?” त्याने उशीकडे पाहिले, माझ्याकडे नाही. “परीक्षकांत परत घेऊ नका मला. गुडघे खरंच दुखतात.”

“मी तुला क्षमा केलेली नाही,” मी म्हणालो. “सोळा महिने, कथबर्ट.”

“करू नकोस. बुधवारी येतो.”

परतीच्या वाटेवर कुंडी मी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. वळणांवर फुले एकमेकांना लागू नयेत म्हणून. पुलाच्या अलीकडे हेस्टर म्हणाली, “ऐंशी माणसांसमोर खोटं बोललात.”

“रस्त्याकडे लक्ष दे.”

तिने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले आणि डोके चाकावर टेकवले. तिच्या पाठीचे हलणे मला दिसत होते. ती सात वर्षांची असताना मी काय केले होते, ते आठवून पाहिले. मी तिला काचघराच्या बाहेर काढून दार लावले होते आणि नामपट्ट्या क्रमाने लावायला बसलो होतो. तिला कोणी जवळ घेतले असेल तर विनीने घेतले असेल.

मांडीवर कुंडी असताना काही करता येत नव्हते. मी ती खाली, पायांशी ठेवली. जागा अरुंद होती. उशी दाराला टेकली आणि मी ती तशीच राहू दिली.

हातात घेतलेला हेस्टरचा हात बराच वेळ थंड होता.  मी अद्याप दुखावलेला आहे आणि तसे इथे स्पष्ट नोंदवून ठेवतो. त्या दोघांनी, आणि सगळ्या गावाने, माझ्याशी जे करायला नको होते ते केले.

घरी आल्यावर दिव्याखाली पाहिले: एका बाजूची चाळीसेक फुले चिरडली आहेत. हेस्टर कुंडी उचलून काचघराच्या दारापर्यंत आली आणि सवयीने तिथेच थांबली.

“उघडे आहे,” मी म्हणालो. “आत ठेव.”